न दुखणारे दुखणे

जे दुखत नाही त्याला दुखणे म्हणायचे की नाही, असा प्रश्न २०२२ सालच्या श्रावणात एका धनगरणीने मला विचारला. त्या वेळी ती इस्पितळाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा समोरच्या अंगणात एका पायावर उड्या मारीत होता. "गुर्जी, पोरगं खातंय, पितंय, मेंढरांमागं पळतंय. त्येला दुखत न्हाई, खुपत न्हाई. मग कापायचं कशापायी?"

मी शाळामास्तर. मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचा मला पगार मिळतो. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो, म्हणजे माणसांच्या सुखदुःखातले आपल्याला काही कळते असेही मनातल्या मनात समजून चालतो. पण त्या बाईला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही ते पुरतेपणी आहे असे मी म्हणणार नाही. उलट त्या प्रश्नाच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न माझ्या पदरात पडला. तो मात्र माझ्याच वागण्याचा आहे आणि त्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

मुलाचे खरे नाव सांगण्याची गरज नाही. त्याला म्हाळू म्हणू. आमची शाळा माण तालुक्यातल्या माळावर आहे. दिवाळी झाली की इथले धनगरवाडे मेंढरे घेऊन कोकणात उतरतात आणि मृगाच्या आसपास परत येतात. पटावरची निम्मी नावे तेवढे महिने नुसती नावेच राहतात. म्हाळू मेंढरांना पाला पाडायला बाभळीवर चढला आणि घसरून पडला. बरगडी मोडली की काय म्हणून तालुक्याला नेऊन फोटो काढला. बरगडी धड होती. पण उजव्या फुप्फुसाच्या खालच्या अंगाला, कंपासने काढावे तसे एक पांढरे वर्तुळ दिसत होते, संत्र्याएवढे. तालुक्याच्या डॉक्टरांनी शहराची वाट दाखवली. बाप वाड्यावर, आई कधी शहरात न गेलेली, म्हणून कागद वाचायला मी बरोबर गेलो.

मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण नाही. पण शहरातल्या त्या तरुण डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर पेन्सिलीने चित्र काढून जे सांगितले, ते मॅट्रिकवाल्याला कळण्यासारखे होते. कुत्र्याच्या आतड्यात एक पट्टकृमी राहतो. पट्टकृमी म्हटले की हातभर लांबीचा जंत डोळ्यांपुढे येतो. हा मात्र तांदळाच्या दाण्याहूनही लहान. एकेका कुत्र्यात असे हजारो असले तरी कुत्र्याला त्याची दादही नसते. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, गवताला, पाण्याला, कुत्र्याच्या केसांना चिकटतात. चरताना ती मेंढीच्या पोटात जातात. तिथे अंड्यातून डिंभ निघतो, आतडे भेदून रक्तात शिरतो आणि आधी यकृतात, तिथून निसटला तर फुप्फुसात जाऊन बसतो. तिथे त्याचा पाण्याने भरलेला फोड होतो. मेंढी कापली गेली आणि तो फोड कुत्र्याने खाल्ला म्हणजे चक्र पुरे झाले. माणूस या चक्रात मुळात नाहीच. कुत्र्याला कुरवाळलेला हात तोंडात गेला, न धुतलेली भाजी खाल्ली, की तो मेंढीच्या जागी उभा राहतो, एवढेच.

'पाण्याचा फोड' हा शब्द डॉक्टरांचा नव्हे, आमच्याकडचा. जत्रेत बकरे सोलणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. काळीज उघडताना पांढरा, टचटचीत फोड लागला की सुरीने तेवढा भाग काढायचा आणि बाजूला भिरकावायचा. बाजूला कोण बसलेले असते हे सांगायला नको. काळीज या आपल्या शब्दाची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे. खाटकाच्या ओट्यावर ते यकृत असते, आणि ओट्यावरून उठून घरी आलो की तेच आईच्या मायेचे आणि माणसाच्या धैर्याचे ठिकाण होते. त्या दिवशी केसपेपरवरचे चित्र पाहताना मात्र ही गंमत वाटली नाही.

चित्रातली एक गोष्ट मला फार छळू लागली. कृमीच्या दृष्टीने म्हाळूचे फुप्फुस म्हणजे बंद बोळ. माणसाचे फुप्फुस कोणी कुत्र्यापुढे टाकीत नाही. म्हणजे त्या फोडातले जीव वाढतील, हजारोंनी वाढतील, पण पुढे कुठेच जाणार नाहीत. या पोराच्या छातीवर सुरी चालणार होती ती कोणाच्या लाभासाठी? कृमीच्याही नव्हे! वाघ हरणाला मारतो तेव्हा निदान वाघाचे पोट भरते. इथे दुःख आहे आणि त्याचा उपयोग कोणालाच नाही. म्हाळूची आजी म्हणाली, "मागल्या जल्माचं आसंल." तिला मी हसलो नाही. निरर्थक दुःखापेक्षा शिक्षा म्हणून आलेले दुःख सोसायला सोपे असते, हे तिला माझ्याहून आधी कळलेले होते. मी तरी काय निराळे करीत होतो? कादंबरी लिहिणाऱ्याला खलपुरुष लागतो. मीही मनातल्या मनात त्या चित्रात गुन्हेगार शोधीत होतो, आणि सापडत नव्हता.

आता त्या आईचा प्रश्न. तो मी डॉक्टरांपुढे ठेवला तेव्हा ते खुर्ची ओढून तिच्या समोरच बसले. "मावशी, दुखत नाही हे खरं आहे," ते म्हणाले, "कारण त्याच्या शरीरानंच त्या फोडाभोवती कुंपण घातलंय." फोडाची दोन आवरणे कृमीची असतात, त्यांच्या बाहेरचे, चिवट तंतूंचे तिसरे आवरण मात्र आपल्या शरीराने विणलेले असते. परका घरात घुसला, बाहेर काढता येत नाही, तर निदान त्याला एका खोलीत कोंडावे, अशी ती तडजोड आहे. म्हाळूचे ते सुख, ते उड्या मारणे, या तडजोडीवर उभे होते. पण कोंडलेला वाढत असतो. लहान मुलाचे फुप्फुस मऊ आणि लवचिक. त्यात हा फोड मोठ्या माणसातल्यापेक्षा भराभर वाढतो. मग एके दिवशी धावताना, खोकताना, कधी काही न करताही तो फुटतो. फुटला की तोंडात खारट पाणी येते, द्राक्षाच्या सालीसारखे पापुद्रे खोकल्यातून पडतात. कधी ते पाणी अंगात भिनून पोर तिथल्या तिथे गार पडते. जगलेच तर सांडलेल्या पाण्यातल्या कणाकणाचा नवा फोड होऊ शकतो.

"मग गोळी न्हाई का?" तिने विचारले. गोळी होती. अल्बेंडाझोल हे औषध यावर १९८० नंतरच्या दशकापासून वापरात आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर म्हाळूला ते कित्येक महिने घ्यावेही लागले. पण फुप्फुसातला एवढा मोठा फोड नुसत्या गोळीने मरू लागला तर त्याचे आवरण नरम पडून तो आतच फुटायचा. म्हणून आधी सुरी आणि मागून गोळी.

इथवर ठीक होते. पण डॉक्टर तिथे थांबले नाहीत. भूल देण्यात धोका आहे, काढताना फोड फुटण्याचा धोका आहे, मागून हवा गळत राहण्याचा धोका आहे, हेही त्यांनी त्या बाईला एकेक करून सांगितले. ती घाबरली. रडली. मला त्यांचा राग आला. अडाणी आईला एवढे सांगून काय साधले? मी असतो तर 'काही काळजी करू नका' म्हणून अंगठा घेतला असता. व्हरांड्यात आल्यावर मी तसे बोलूनही दाखवले. ते म्हणाले, "गुरुजी, मूल तिचं आहे. मी अर्धं सांगितलं तर निर्णय माझा होईल आणि नाव मात्र तिचं लागेल." हे वाक्य त्या वेळी मला पुस्तकी वाटले. रात्रभर ती बाई जागी होती. सकाळी उठून तिने स्वतःच अंगठा पुढे केला.

छाती उघडून असे फोड काढण्याची विद्या सव्वाशे वर्षांची आहे, आणि जिथे मेंढरे फार, तिथल्याच माणसांनी ती घडवली. अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्स शहरात आलेहांद्रो पोसादास या शल्यविशारदाने १९०० च्या आसपास केलेल्या अशाच एका शस्त्रक्रियेचा चित्रपटही घेतलेला आहे. शस्त्रक्रियेच्या जगातल्या पहिल्यावहिल्या चित्रपटांत त्याची गणना होते. पोसादास स्वतः १९०२ मध्ये, उण्यापुऱ्या एकतिसाव्या वर्षी वारला. पुढे लंडनच्या नॉर्मन बॅरेटने (तोही जन्माने मेंढपाळांच्या ऑस्ट्रेलियातलाच) फोड अखंड काढण्याची एक रीत प्रसिद्ध केली, ती ऐकून मी थक्क झालो. शरीराने विणलेले बाहेरचे आवरण तेवढे हलक्या हाताने चिरायचे आणि फोडाला हात लावायचा नाही. मग भूल देणाऱ्याने नळीतून फुप्फुसात हवा भरायची. फुप्फुस फुगते आणि त्या रेट्याने तो पांढरा गोळा आपणहून चिरेतून बाहेर येतो. दक्षिण अमेरिकेकडे या क्रियेला प्रसूती म्हणतात म्हणे. काही शल्यविशारद आधी सुईने पाणी ओढून घेतात आणि मग पापुद्रा काढतात. कसेही केले तरी आजूबाजूला तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या घड्या पसरतात, एक थेंब सांडला तरी तो त्यांच्यावर सांडावा म्हणून.

फोड निघाला म्हणजे काम संपले असे नाही. आत पोकळी उरते आणि तिच्या भिंतीत श्वासनलिकांची बारीक तोंडे उघडी असतात. ती शोधून, एकेक टाके घालून बंद करायची; मग पोकळीच्या भिंती एकमेकींना शिवून ती मिटवायची. फुप्फुस कापून टाकायचे नाही. मुलाचे फुप्फुस होता होईल तो राखायचे, कारण ते अजून वाढायचे असते. म्हाळूच्या वेळी फोड काढायला जेवढा वेळ लागला, त्याहून अधिक वेळ ही तोंडे मिटवायला लागला असे डॉक्टर मागाहून म्हणाले.

तो वेळ मी आणि म्हाळूचा बाप बाहेर बाकावर बसून होतो. बाप आदल्या रात्री वाड्यावरून आला होता. डॉक्टरांनी मला बजावले होते, "हे कशानं झालं ते त्यांना तुमच्या भाषेत नीट समजावून सांगा. तुम्ही मास्तर आहात." बापाने आपणहून विचारलेही, "गुर्जी, ह्ये आलं कुठनं?"

माझ्या खिशात ते पेन्सिलीचे चित्र होते. त्याचे दोन भाग होते. एक कुत्र्याकडून पोराकडे येणारा, आणि दुसरा मेंढीकडून कुत्र्याकडे जाणारा. या दुसऱ्या भागात एक माणूस उभा होता. बिरोबाच्या जत्रेत बकरे सोलून फोडाचा तुकडा खंड्याकडे भिरकावणारा माणूस. खंड्या हे त्यांच्या कुत्र्याचे नाव. म्हाळू त्याच्याच पाठीवर डोके ठेवून झोपायचा. तो भिरकावणारा हात आता माझ्या शेजारी बाकावर, घोंगड्याच्या टोकाशी चाळा करीत होता. पोर आत टेबलावर छाती उघडून पडले असताना त्याच्या बापाला 'तू हे घातलेस' असे सांगायचे? माझी जीभ उचलेना. मी म्हणालो, "कुत्र्यापासून होतं."

एवढेच म्हणालो. दयेपोटीच म्हणालो, हे मी आजही शपथेवर सांगेन. आणि त्यातच माझी चूक आहे. दोघांपैकी एकाला दोष लागायचा होता. ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर तो ढकलणे मला सोपे गेले. आदल्या दिवशी डॉक्टरांवर मी रागावलो होतो ते याच शहाणपणाच्या बळावर. बाप बराच वेळ गप्प होता. मग "हां" म्हणाला. दार उघडले, गाडी बाहेर आली आणि आमचे बोलणे तिथेच राहिले.

म्हाळूच्या बरगड्यांतून एक नळी बाहेर काढून तिचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडले होते. त्याने श्वास सोडला की बाटलीत बुडबुडे येत. बुडबुडे थांबले की आतली तोंडे मिटली असे समजायचे. तीन दिवस आम्ही आळीपाळीने त्या बाटलीकडे बघत बसलो. चौथ्या दिवशी पाणी निवांत झाले. त्याची आई माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "आता मातुर दुखतंय म्हंतोय." ज्या पोराला काही दुखत नव्हते त्याला आम्ही दुखणे दिले होते, आणि त्या दुखण्याचा सगळ्यांना आनंद झाला होता.

त्या हंगामात म्हाळू आजीजवळ गावात राहिला; वाडा त्याच्याविना खाली उतरला. २०२३ च्या जूनमध्ये वाडा परत आला तेव्हा खंड्या बरोबर नव्हता. बापाने मला वाटेतच गाठून सांगितले. सांगताना त्याचा स्वर एखादे काम नीट पार पाडल्यासारखा होता. "तुमी सांगितल्यालं ध्यानात हुतं. कराडाच्या अलीकडं वीटभट्टी हाय, तितल्या मान्सास्नी दिऊन टाकला. मारायला हात झाला न्हाई."

वीटभट्टी! ज्यांनी भट्ट्या पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. बायका-पुरुष मातीत, आणि त्यांची लहान लहान पोरे दिवसभर तिथेच मातीत, कुत्र्यांत, एकाच डबक्यातल्या पाण्यात. खंड्याच्या पोटात कृमी होते की नव्हते, कोणी पाहिले होते? फोड वाढायला काळ लागतो, आणि अंडी मातीत महिनेच्या महिने टिकतात. म्हाळूला बाधा झाली ती खंड्याकडून, की आधीच्या कुत्र्याकडून, की जत्रेच्या माळावरच्या कुठल्या भटक्याकडून, हे कोणीही सांगू शकले नसते. नसतील कृमी, तर एका निरपराध जनावराला मी देशोधडीला लावले. असतील, तर मी ते आणखी दहा पोरांच्या अंगणात नेऊन सोडले. दोन्हींतले काय खरे मानावे म्हणजे मला बरे वाटेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात हे ठाऊक असूनही मी जाऊन आलो. पत्र्याच्या रिकाम्या खोपी, भिजून ढासळलेल्या कच्च्या विटा आणि एक राखणदार. कामकरी आपापल्या मुलखाला गेले होते. कुत्री होती, खंड्या नव्हता. "आसंल हतंच कुठंतरी, न्हाई तर गेला आसंल त्येंच्या मागं," राखणदार म्हणाला.

मग मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो. उशिरा सुचलेले शहाणपण म्हणा. कुत्रा आणि मेंढी यांचे हे नाते सिबोल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १८५३ मध्ये, मेंढीतले फोड कुत्र्याला खाऊ घालून सिद्ध केले. त्याआधी हजारो वर्षे धनगरांनी कुत्र्यांना हेच खायला घातले आणि त्यात कोणाचाही अपराध नव्हता. अपराध ज्ञानाबरोबर जन्माला येतो. मात्र तो ज्याला कळले त्याचा, ज्याला कोणी सांगितलेच नाही त्याचा नव्हे. आइसलँडमध्ये हा रोग फार होता. डेन्मार्कचा क्राबे १८६३ मध्ये तिथे गेला. त्याने शंभर कुत्री तपासली, तर अठ्ठावीस कुत्र्यांत हा कृमी निघाला. मग लोकांना समजेल अशी पुस्तिका लिहून ती तिथल्या घरोघर फुकट वाटण्यात आली. लोक वाचणारे होते. त्यांनी मेंढीचे टाकाऊ भाग कुत्र्यापुढे टाकणे सोडले, आणि मागून कायद्याने कुत्र्यांना औषधही मिळू लागले. आज तो देश या रोगातून मुक्त आहे. क्राबेने चित्राचे दोन्ही भाग सांगितले, हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. पण त्याच देशाच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, १९२४ पासून कुत्रे पाळायलाच बंदी होती आणि १९८४ पर्यंत ती सैल झाली नाही. इतक्या शहाण्या लोकांनाही शेवटी कुत्र्यालाच वेशीबाहेर काढावेसे वाटले, याने मला थोडा धीर आला हे कबूल करतो. असा धीर घेणे काही फारसे शोभादायक नाही.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात एका रात्री मी वाड्यावर गेलो आणि ते पेन्सिलीचे चित्र म्हाळूच्या बापापुढे पसरले. सगळे सांगितले. जत्रेसकट सांगितले. तो रागावेल, उठून जाईल, रडेल, असे काहीबाही मी योजून गेलो होतो. तो चित्राकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मंग ह्ये तवाच सांगायचं हुतं की, गुर्जी. फोड पुरायला काय लागतंय?" खड्डा खणायला दोन हात माती काढावी लागते, एवढेच त्याच्या लेखी होते. ज्या आघातापासून मी त्याला वाचवले तो आघात माझ्या कल्पनेतला होता.

आता वाड्यावर नवे पिलू आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून मी प्राझिक्वांटेलच्या गोळ्या आणून देतो. दर सहा आठवड्यांनी एक. गोळीने कृमी मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून पुढचे दोन-तीन दिवस विष्ठा पुरावी लागते. ते काम म्हाळूने आपल्याकडे घेतले आहे. फळ्याशेजारच्या कॅलेंडरवर तो स्वतःच खडूने खूण करतो. त्याच्या बगलेखालचा वण आता पांढरा झाला आहे आणि पळण्यात तो वर्गात पहिला आहे. खंड्याबद्दल त्याने मला कधी काही विचारले नव्हते. बापाने त्याला काय सांगितले होते, तेही मला ठाऊक नव्हते.

मागच्या वेळी गोळी भाकरीत दडवून त्याने पिलापुढे धरली, ते खाऊन होईपर्यंत त्याचे तोंड धरून ठेवले, आणि वर न बघताच मला म्हणाला, "गुर्जी, भट्टीवर खंड्याला गोळी कोन देत आसंल?"